पहिली वाटी

वाटी आबांच्या हातात व्हती. मसालेभाताची. वाफ निघत व्हती.

शाळेत पोरांना वाढायच्या आधी कुणीतरी मोठ्या माणसानं चव घ्यायची, असा नियम हाय. गुरुजी घेतात, न्हाईतर समितीतलं कोणतरी. त्या दिवशी आबा आले व्हते, शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांनी वाटी नाकापाशी नेली. वास घेतला. एक शीत तोंडात टाकलं न्हाई. वाटी कट्ट्यावर ठेवली आन म्हणाले,

"पोरांना ही चव आवडत न्हाई."

मग शिपायाला नुसती मान हलवून खूण केली. त्यानं वाटी भिंतीपलीकडं कोंबड्यांपुढं उलटी केली. गुरुजी घसा खाकरून मला म्हणाले, वाढा ताई, झालं. काय झालं? चव तर कुणीच घेतली न्हवती.

रांगेत माझी प्रज्ञा ताट घेऊन उभी व्हती. तिसरीत हाय. तिनं सगळं बघितलं. मी खाली मान घालून वाढत राहिले. घरी जाताना तिनं माझा हात धरला आन हळूच म्हणाली, "आई, कोंबड्यांना आवडला की गं." मला हसू आलं न्हाई. रडूबी आलं न्हाई. नुसती आग आग झाली अंगाची.

आमचं गाव तासगावच्या अंगाला. चारी बाजूंनी द्राक्षबागा. आमी बौद्ध, घर गावाच्या कडंला. मी आधी आबांच्याच शेडवर बेदाणा निवडायला जायची. मग बचत गटातनं शाळेत पोषण आहाराला लागले, मदतनीस म्हणून. स्वयंपाक सुमनकाकी करायच्या, गावातल्या, मोठ्या घरच्या. मी तांदूळ निवडायचे, कांदा चिरायचे, पातेली घासायचे. फोडणी काकींची, वाढणं काकींचं. वाढायच्या डावाला हात लावू नको असं मला कुणी कवा सांगितलं न्हाई. सांगावं लागत न्हाई. ते आपलं आपल्याला कळतं, हीच तर खरी रड हाय.

मी ह्याच शाळेत शिकले. आमच्या वेळी तांदूळ पिशवीतनं घरी मिळायचा. ज्यानं त्यानं आपापल्या चुलीवर शिजवायचा. म्हणून कोण कुणाच्या हातचं खातं, हा सवालच निघाला न्हाई. सवाल व्हता, पण पिशवीत झाकलेला.

काकींचे गुडघे गेले, त्यांनी काम सोडलं आन डाव माझ्या हातात आला. पहिले काही दिवस पोरं लय खुशीत जेवली. पातेल्याच्या बुडाला लागलेल्या खरवडीवरनं भांडणं. काकू मला, काकू मला. मी म्हणायची, आरं दमा, पातेलं पळून चाललं न्हाई.

मग पोरांचे घरनं डबे यायला लागले. आधी एक, मग चार, मग निम्म्या रांगेत डबे. का रं बाळा? तर, आवडत न्हाई.

मी खुळी. मला खरंच वाटलं, चवच बिघडली. गुरुजी म्हणाले, तिखट जरा कमी करा. केलं. मग म्हणाले, फारच सपक झालंय म्हणतात पालक. परत वाढवलं. लसूण घातला, काढला. मटकीच्या उसळीत गुळाचा खडा टाकून बघितला. शेवटाला सुमनकाकींच्या दारात गेले. म्हणलं, आवं काकी, तुमच्या घरची चटणी द्या, पोरांच्या जिभेला तुमचीच सवय हाय. काकींनी डबा भरून दिला. देताना माझ्या डोळ्याला डोळा दिला न्हाई. त्यांना ठाव व्हतं. मला न्हवतं.

त्याच चटणीचा, त्याच हिशेबानं भात केला. त्योच तो, आबांनी कोंबड्यांना घातला त्यो.

दुसऱ्या दिवशी आबांची नात माझ्याजवळ आली. दुसरीतली पोर, आराध्या. डबा तिच्या हातात तसाच बंद. पातेल्यात वाकून बघितलं आन म्हणाली, "काकू, मला खरवड लय आवडती. पण आजीनं सांगितलंय, आवडत न्हाई म्हणायचं."

मी डाव पातेल्यात ठेवला.

म्हणजे असं हाय व्हय. मीठ बरोबर, तिखट बरोबर, चटणीबी त्यांच्यातल्याच घरची. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं चाललं व्हतं इतके दिवस. जात म्हणता येत न्हाई आता तोंडानं, कायदा आडवा येतो. म्हणून चव म्हणायचं. आन ते खोटं सात वर्षाच्या लेकराच्या जिभेवर ठेवायचं. मला स्वतःची लाज वाटली न्हाई. त्यांचीबी न्हाई. मला चीड आली, त्या गुळाच्या खड्याची.

त्याच दुपारी, जेवणाच्या घंटेआधी, आबा आन गुरुजी स्वयंपाकखोलीच्या दारात आले. आबा गोड बोलले. म्हणाले, स्वयंपाकाला नवी बाई बघितलीय, तुमी आपलं पहिल्यासारखं भांडी-बिंडी बघा. पगाराला धक्का न्हाई. गुरुजी म्हणाले, ताई, यात तुमचं काहीच नुकसान नाही.

माझं काहीच नुकसान न्हाई. ऐका.

पोरांची रांग तयार व्हती. ताटं वाजत व्हती. मी वाटी भरली आन आबांच्या पुढं धरली.

"आबा, आधी चव घ्या. मग आवडत न्हाई म्हणा."

ते म्हणाले, मला आज उपास हाय. मी म्हणलं, काल न्हवता. त्यांचा चेहरा बदलला. आवाज चढला. गुरुजी मधे पडले, ताई वाढून घ्या, पोरं भुकेली आहेत. मी म्हणलं, व्हय, भुकेली हायत. नियम तुमचा हाय. चव झाल्याबिगर मी डाव उचलत न्हाई.

मग जे पोटात व्हतं ते बाहेर आलं. म्हणलं, "आबा, तुमच्या शेडवर बेदाणा ह्याच हातांनी निवडला. त्यो तुमच्या पूजेच्या शिऱ्यात पडला. तवा कुणी चव आवडत न्हाई म्हणलं न्हाई."

एक ताट वाजंना. पोरं आळीपाळीनं माझ्याकडं आन आबांकडं बघत व्हती. प्रज्ञा बघत व्हती. आराध्याबी. मी वाटी खाली आणली न्हाई.

आबा वळले आन गेले. गाडी चालू केल्याचा आवाज आला.

शेवटाला गुरुजींनी वाटी घेतली. एक घास खाल्ला. जमिनीकडं बघत म्हणाले, चांगलं आहे. एवढंच. मी त्यांचे आभार मानले न्हाईत. जे रोज करायचं ते एक दिवस केलं, त्याचे कसले आभार.

डबे अजून येतात. आराध्या अजून बंद डबा घेऊन बसती आन पातेल्याकडं बघती. आबा समितीत माझ्याविरुद्ध ठराव आणायच्या खटपटीत हायत, असं ऐकते. आणू द्या. त्या ठरावात माझ्या हातचं का नको ते लिहावं लागंल, आन मला तेच पाहिजे.

भांडी मी घासते. आधीबी घासली, आताबी घासते, स्वयंपाकाला लागतात म्हणून. पण डाव सोडून भांड्यांकडं मी जाणार न्हाई.

आबा शाळेत आले की पहिली वाटी त्यांच्याच पुढं जाणार. सगळ्या रांगेसमोर. खायची नसंल तर खाऊ नका. पण तुमच्या हातचं खात न्हाई, असं स्वतःच्या तोंडानं म्हणा.

पोरांच्या जिभेआड लपू देणार न्हाई मी तुमाला.