टाकीवरचा उपडा डबा

आमच्या मैदानावर एक छोटा ट्रॅक्टर आहे. त्याच्या डिझेलच्या टाकीच्या झाकणावर बाराही महिने तुपाचा एक रिकामा डबा उपडा घातलेला असतो. डबा वाऱ्यानं उडू नये म्हणून तो सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं करकचून बांधलेला असतो. नवीन माणूस तो बघून हसतो. मीही हसायचो. आता हसत नाही. का हसत नाही, ते सांगायलाच लिहायला बसलोय.

मी विद्याधर परब. मूळ गाव कणकवलीकडचं, बाप गिरणीत, संसार बोरिवलीत. टेलिफोन खात्यातून रिटायर झालो आणि दिवसभर घरात बसून सगळ्यांना सल्ले द्यायला लागलो, तेव्हा माझ्या बायकोनं, नीलानं, कुठून कुठून वशिला लावून मला या मैदानाच्या ट्रस्टचा मानद सेक्रेटरी करून टाकलं. मानद म्हणजे पगार नाही, शिव्या मात्र भरपेट. माझा स्वभाव तापट आहे हे मला माहीत आहे. ते सांगून काही तो थंड होत नाही.

मैदान नॅशनल पार्कच्या कडेला. त्यामुळे हवा चांगली आणि दमटपणा त्याहून चांगला. गवत कापायचं यंत्र, पिचचा रोलर, पाण्याची टाकी, सगळं ओढायचं काम हा ट्रॅक्टर करतो, आणि ट्रॅक्टरचं सगळं काम कुंडलिक इंगळे करतो. बुलढाण्याकडचा माणूस, मेहकरच्या पलीकडचं गाव. मुंबईत येऊन पस्तीस वर्षं झाली, त्यातली एकोणीस आमच्या मैदानावर. बारीक, काळासावळा, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. बोलणं मोजकं. मी दहा वाक्यं बोललो की तो एक बोलतो आणि नेमकं तेच बरोबर असतं. याचाही मला राग यायचा.

त्याचं एकच वेड: डिझेलमध्ये पाणी जाता कामा नये. रोज सकाळी साडेसहाला तो शेडमध्ये येतो आणि ट्रॅक्टर चालू करण्याआधी जामच्या काचेच्या बरणीत फिल्टरखालच्या वाटीचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काढतो. बरणी उजेडात धरतो. पाणी जड, ते तळाशी बसतं. तळाशी मोत्यासारखा थेंब दिसला तर पुन्हा काढतो, न दिसेपर्यंत काढतो. डिझेलचे कॅन जमिनीवर ठेवत नाही, लाकडी पाटावर ठेवतो. आणलेला कॅन दिवसभर हलवत नाही. ओतताना तळाचं चार बोटं डिझेल कॅनमध्येच सोडतो, आणि ते उरलेलं रोलरच्या गंजावर चोळायला वापरतो.

सगळ्यात मजेशीर म्हणजे, काम संपलं की तो टाकी गळ्यापर्यंत भरून ठेवतो. मी नवा होतो तेव्हा एकदा भडकलो, "अरे, उद्या लागणारं डिझेल आज कशाला ओततोस? उद्या ओत ना!"

तो म्हणाला, "साहेब, अर्धी टाकी रिकामी असली की आत हवा राहते. रात्री पत्रा थंड झाला की त्या हवेला घाम फुटतो. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून फुटतो तसा. हा आतून फुटतो, एवढाच फरक."

टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढून मला हे ठाऊक नव्हतं.

एकदा त्याच्या घरी जेवायला गेलो होतो. सातव्या मजल्यावरचं छोटं घर, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, खाली लेकीचं नर्सिंगचं सर्टिफिकेट फ्रेममध्ये. त्याची बायको शांताबाई ज्वारीची भाकरी वाढता वाढता म्हणाली, "माझ्या डाळीत पाणी जास्त झालं तर हे काही बोलत नाहीत बघा. त्या ट्रॅक्टरमध्ये थेंब दिसला की दिवसभर तोंड पाडून बसतात."

मी हसून विचारलं, "का रे बाबा, एवढं काय आहे त्या पाण्यात?"

कुंडलिक जेवत राहिला. शांताबाईनंच सांगितलं. बाविसाव्या वर्षी तो गावच्या एका मोठ्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडला. डिझेलचं पिंप उघड्यावर ठेवलेलं, त्यात पाणी साचलेलं, ते टाकीत गेलं. पण मालकानं चारचौघांत म्हटलं की यानं डिझेल चोरलं आणि माप भरायला पाणी घातलं. कुणी ऐकून घेतलं नाही. त्याचा थोरला भाऊसुद्धा म्हणाला, जाऊ दे, मोठ्यांच्या तोंडी लागू नको. चार दिवसांनी कुंडलिकनं मुंबईची गाडी धरली.

"पिंप कुणी उघडं ठेवलं होतं?" मी विचारलं.

"मालकाच्या पोरानं," कुंडलिक म्हणाला. "भाकरी घ्या साहेब, गरम आहे."

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या ट्रस्टमध्ये केयूर नावाचे नवे खजिनदार आले. हुशार, चटपटीत, हातात कायम कुठल्या तरी कंत्राटदाराचं रंगीत पुस्तक. त्यांचं म्हणणं, जुना ट्रॅक्टर विकून टाकू, गवत कापायचं काम बाहेर देऊ, माणूसही ठेवायला नको. अध्यक्ष अनुपमाताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या कुणाचंच लगेच ऐकत नाहीत. त्या म्हणाल्या, "दसऱ्यानंतरच्या रविवारी सकाळी मी स्वतः ट्रॅक्टर चालताना बघते, मग ठरवू."

मी कुंडलिकला म्हटलं, "घाबरू नको, मी आहे ना!" हे वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा म्हटलंय, तेव्हा समोरच्यानं घाबरायला हवं होतं.

दसऱ्याला कुंडलिक कधीच इथे नसतो. तो नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. एकोणीस वर्षांत एकदाही चुकवलेलं नाही. जायच्या आदल्या दिवशी तो ट्रॅक्टर ओल्या फडक्यानं पुसतो, टाकी भरतो, डबा बांधतो आणि स्टिअरिंगला एक चिठ्ठी अडकवतो: 'टाकीला हात लावू नये. पाइपने धुऊ नये.' दसऱ्याला आम्ही मैदानावर रोलर, यंत्रं, ट्रॅक्टर सगळ्यांची पूजा करतो, हार घालतो, फोटो काढतो. इतकी वर्षं ते बिनबोभाट चाललं होतं, कारण आधीचा सेक्रेटरी आळशी होता.

मी आळशी नाही. माझ्या मनात आलं, रविवारी अनुपमाताई येणार, ट्रॅक्टर असा चकाचक दिसला पाहिजे की बघणाऱ्यानं म्हणावं, झकास! चिठ्ठी वाचली आणि खिशात घातली. म्हटलं, सेक्रेटरी मी की हा? तो गंजका डबा फोटोत फारच वाईट दिसत होता, तो सोडला. बागेचा पाइप लावून ट्रॅक्टर नखशिखांत धुतला. मग झेंडूचा जाडजूड हार टाकीच्या गळ्याभोवती घातला. डिझेल किती आहे बघावं म्हणून झाकणही उघडलं, पुन्हा बसवलं, आणि वरून आणखी एकदा पाइप मारला. आंब्याच्या पानांनी पाणी शिंपडलं ते वेगळंच. हार सगळ्यांना दिसावा म्हणून ट्रॅक्टर शेडबाहेरच ठेवला. त्या आठवड्यात परतीच्या पावसाची रोज एखादी सर येत होती. शनिवारी संध्याकाळी मी सुकलेला हार काढला, डबा बांधला, ट्रॅक्टर ढकलून आत घेतला. फोटो मात्र सुंदर आले होते.

रविवारी आठला अनुपमाताई आल्या, केयूर आले. कुंडलिकचा पत्ता नाही. नागपूरची गाडी लेट. साडेआठला तो खांद्यावर बॅग घेऊन थेट स्टेशनवरून आला. नमस्कार करून शेडमध्ये गेला आणि सवयीनं जामची बरणी उचलली.

माझं डोकं सटकलं. "मेल्या, ती बरणी ठेव आता! ताई अर्धा तास उभ्या आहेत. चालू कर आधी!"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. "दोन मिनिटं, साहेब."

"एक मिनिट नाही! चालू कर!"

त्यानं बरणी ठेवली. ट्रॅक्टर पहिल्याच फटक्याला चालू झाला. गवताचं यंत्र ओढत तो मैदानाच्या मध्यापर्यंत छान गेला, अनुपमाताईंच्या चेहऱ्यावर कौतुक दिसायला लागलं, आणि तेवढ्यात ट्रॅक्टर खोकला. पांढरा धूर निघाला. कुंडलिकनं त्याच क्षणी स्टॉपची दांडी ओढून इंजिन बंद केलं. दुसऱ्या कुणी रेटून चालवलं असतं. खाली उतरला, टाकीवरचा डबा सोडून झाकण उघडलं, आत वाकून बघितलं, काहीतरी चिमटीत धरून मूठ मिटली. मग बरणी आणवून फिल्टरखालचा स्क्रू सैल केला.

बरणी भरली. तिच्यात वरचं बोटभर डिझेल आणि खाली सगळं पाणी.

केयूर वाकून बघत होते. त्यांना कुंडलिकच्या गावच्या गोष्टीबद्दल काही माहीत नव्हतं, सहज बोलल्यासारखं बोलले, "एवढं पाणी? काय आहे ना ताई, ड्रायव्हर लोक डिझेल काढून घेतात आणि वर पाणी भरतात. असं होतं यार, सगळीकडे."

कुंडलिकचा चेहरा मी बघितला. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. साठीला आलेला माणूस, शर्टाची गुंडी लावलेली, एका हातात बरणी, दुसरी मूठ मिटलेली.

मला कळलं, काय झालंय ते. हार, पाइप, झाकण, पाऊस, सगळं एका दमात डोळ्यांसमोर आलं. आणि खरं सांगतो, मी गप्प बसलो. ताईंसमोर, या कालच्या खजिनदारासमोर माझी शोभा होणार, हेच डोक्यात. गावच्या त्या मालकाच्या पोराला मी मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या! आज मी त्याच्याच जागी उभा होतो आणि त्याच्याइतकाच मूग गिळून बसलो होतो. लाज वाटली. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"पाणी मी घातलं," मी म्हणालो.

ताईंनी चष्मा वर केला. "म्हणजे?"

"म्हणजे दसऱ्याला पाइपनं धुतला, झाकण उघडलं, हार घातला, पावसात ठेवला. यानं चिठ्ठी लिहून ठेवली होती, ती माझ्या खिशात आहे. आत्ताही त्याला तपासू दिलं नाही. चोरीबिरी काही नाही. एकोणीस वर्षांत यानं थेंब जाऊ दिला नाही, मी तीन दिवसांत वाट लावली."

केयूर ओशाळले. कुंडलिककडे वळून "सॉरी हं, काका" म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. अनुपमाताई मला म्हणाल्या, "परब, तुमच्यासारखा विद्यार्थी मला दर वर्षी एक तरी असायचा."

पुढचा दीड तास आम्ही तिघं गवतावर बसून कुंडलिकचं काम बघत होतो. त्यानं टाकी खालून पूर्ण रिकामी केली, पुसली, कपाटातला नवा फिल्टर बसवला, निवळलेल्या कॅनमधलं डिझेल ओतलं, मग हातपंप मारत पाइपातली हवा बुडबुडे थांबेपर्यंत काढली. इंजिनचा डिझेल-पंप पाण्यानं बिघडण्यापासून वाचला होता, कारण पहिल्या खोकल्यालाच कुंडलिक थांबला होता. साडेदहाला ट्रॅक्टर चालू झाला आणि त्यानं अर्धं मैदान कापलं. अनुपमाताई निघताना केयूरांना म्हणाल्या, "ते रंगीत पुस्तक तुमच्याकडेच ठेवा." ट्रॅक्टर राहिला, आणि कुंडलिकला साठीनंतर आणखी तीन वर्षं मिळाली.

सगळे गेल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन बसलो. माफी मागायची होती, त्याऐवजी विचारलं, "मुठीत काय होतं रे?"

त्यानं शर्टाच्या खिशातून झेंडूची एक पाकळी काढली, डिझेलनं काळपटलेली. "टाकीच्या जाळीवर होती."

"म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं? मग दाखवली का नाहीस?"

"दाखवणार होतो. दहापर्यंत मोजत होतो." पाकळी त्यानं फडक्याला पुसली. "तुम्ही सातला बोललात."

दुसऱ्या दिवसापासून साडेसहाला मी शेडमध्ये हजर. स्क्रू मी सैल करतो, बरणी मी उजेडात धरतो, आणि तो मागे उभा राहून चहा पितो. आठवड्यातून एकदा तरी म्हणतो, "नीट बघा साहेब, घाई नाही." मला राग येतो. पण बरं वाटतं, हेही खरं.

यंदाच्या दसऱ्याला तो नागपूरला गेला तेव्हा मी सकाळी शेडमध्ये गेलो. ट्रॅक्टर पुसलेला होता, टाकी भरलेली होती, डबा ट्यूबनं बांधलेला होता. स्टिअरिंगकडे बघितलं, सीटखाली बघितलं, खाली पडली असेल म्हणून जमिनीवरही बघितलं.

यंदा चिठ्ठी नव्हती.