टेपचे पहिले दोन इंच

पाठीच्या कण्यावरून मानेकडे सरकत जाणारा तो गार, गुळगुळीत स्पर्श मला अजून जसाच्या तसा आठवतो. त्याच्यामागून येणारा शिलाई मशीनच्या तेलाचा वास, कोऱ्या कापडाच्या खळीचा कोरडा गंध, आणि खांद्याशी क्षणभर विसावणारी आईची बोटं. कपडे शिवणाऱ्या बाईच्या लेकीला आईचा स्पर्श कुशीत मिळतो त्याहून अधिक मापं देताना मिळतो. जवळ घेऊन बसायला तिच्यापाशी सवड नसते. माप घ्यायला मात्र ती हवा तेवढा वेळ घेते. लहानपणी मी मुद्दाम श्वास भरून छाती फुगवायची, म्हणजे आकडा चुकायचा आणि टेप पुन्हा फिरवावी लागायची. आईला ही लबाडी कळत असावी, पण ती कधी ओरडली नाही.

वेवजीतल्या आमच्या घराच्या ओटीवर तिचं मशीन होतं. बाबा भात आणि नागली पिकवत, आणि आई आसपासच्या पाड्यांतल्या बायकांची पोलकी शिवी. विवळवेढ्याच्या जत्रेआधीच्या पंधरा दिवसांत तर ओटीवर पाय ठेवायला जागा नसे. माझ्या वाट्याला काजं, बटणं आणि तुरपाई. कात्रीला आणि टेपला हात लावायची मुभा कुणालाच नव्हती. दसऱ्याला मशीनच्या पायाशी झेंडूच्या फुलांत ती पिवळट पडलेली टेप गुंडाळून ठेवलेली असे, तिच्या टोकाचं पितळी टोपण चिंचेने घासून लखलखीत केलेलं असे. तिला हात जोडताना मला वाटे, अख्ख्या गावाची अंगं हिला तोंडपाठ आहेत, हिच्यापासून काय लपून राहणार? आणि तिच्यापासून जे लपत नाही त्यात माझं ठेंगणेपण पहिलं होतं.

शाळेत प्रार्थनेला मी कायम पहिल्या ओळीत. बाई फळ्यावर वरच्या बाजूला लिहायला कधी मला बोलवत नसत. पोरं 'टिंगू' म्हणत, आणि मोठी माणसं समजूत घालायला 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' म्हणत. त्या म्हणीचा मला पोरांच्या चिडवण्याहून जास्त राग यायचा, कारण मूर्ती लहान आहे याची सगळ्यांना पक्की खात्री होती आणि कीर्तीबद्दल मात्र कुणीही काही ठाम सांगत नव्हतं. आई तेवढी वेगळं बोलायची. "कापड बेताचंच होतं गं बाय," ती दोरा दातांनी तोडत म्हणायची, "पण शिवण पक्की घातलीय."

अशा मुलीला मॉडेल व्हायचं होतं, हे सांगताना मला आजही थोडं हसू येतं. ही इच्छा कुठून आली? तलासरीच्या बाजारात कपड्यांचं एक दुकान आहे. त्याच्या दारातल्या पुतळ्याला घालायचं पोलकं आईने शिवलं होतं. गोऱ्यापान, उंच, निर्विकार पुतळा. त्याच्या अंगावर आईचं काम गेलं आणि कसं मुकं होऊन बसलं. तेच पोलकं घरी माप तपासून बघताना मी घातलं होतं तेव्हा त्यात श्वास होता, बाहीला दंडाचा गोलवा होता, काठाला हालचाल होती. वस्त्र हे अखेर अंगाची वाट बघत असतं, आणि ते अंग आपलं असावं असं मला त्या दारात उभी असताना अगदी आतून वाटलं. शिवाय जिच्याकडे वाकल्यावाचून कुणी पाहत नाही, तिला एकदा तरी लोकांच्या नजरेच्या रेषेत यावंसं वाटलं तर त्यात नवल ते काय?

बारावी झाली आणि मी आईला हे सांगून टाकलं. उंची लागते, तीही बरीच लागते, हे मोबाईलवर वाचलेलंही सांगितलं. हात पुसून तिने मला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं. टेप असते पाच फुटांची. तेवढी चौकटीवर भरली तिथे तिने खडूची रेघ मारली, मग ती पुन्हा उंबऱ्यापाशी वाकली, टेपचं टोक उचलून रेघेवर टेकवलं, आणि वरचा भाग मोजला. मी डोळे मिटून उभी होते. उघडले तेव्हा ती त्या आकड्यावरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मग म्हणाली, "पाच फूट चार."

पाच फूट चार! मी तिला उचलायला गेले आणि आम्ही दोघी कापडाच्या ढिगावर पडलो. प्रार्थनेला पहिल्या ओळीत उभी राहणारी मुलगी पाच फूट चार कशी असेल, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पण हवं ते ऐकू आलं की माणूस उलटतपासणी करत नाही. त्याच आठवड्यात आम्ही झाईच्या समुद्रकिनारी गेलो, कारण अर्जाबरोबर पाठवायला फोटो हवे होते आणि मागे घरं, दारं, माणसं नसलेली मोकळी जागा हवी होती. समुद्रापुढे सगळेच ठेंगणे, त्यामुळे तिथे कुणीच ठेंगणं दिसत नाही. फोटो आईने काढले. मोबाईल धरून ती ओल्या वाळूत उकिडवी बसली, लुगड्याचा काठ भिजला तरी उठली नाही. "मी खाली बसते," ती म्हणाली, "म्हणजे तू उंच दिसशील." तेव्हा मला त्या वाक्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

सुरतेला साड्यांच्या जाहिरातीचे फोटो काढणारी एक जागा होती. तिथून बोलावणं आलं आणि मी एकटीच उंबरगाव स्टेशनवरून गाडीने गेले. निवड करणाऱ्या होत्या भावनाबेन. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, नऊवारी असो की बनारसी, एका झटक्यात निऱ्या पाडणाऱ्या. त्यांनी मला भिंतीवर रंगवलेल्या फूटपट्टीला उभं केलं. भिंत म्हणाली, पाच फूट. त्यांनी माझा अर्ज पाहिला, पुन्हा भिंतीकडे पाहिलं, आणि अगदी शांतपणे विचारलं, "बेन, खोटुं केम लख्युं?" ठेंगणी पोरगी एखाद्या वेळी चालून जाते, पण अर्जात खोटं लिहिणारीला आम्ही दारात उभी करत नाही, एवढं सांगून त्यांनी पुढच्या मुलीला हाक मारली. आयुष्यभर मला लोक बुटकी म्हणाले होते. खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि संजाण येईपर्यंत रडत होते.

घरी आले तेव्हा आई एक बाही जोडत होती. मी सगळं सांगितलं. तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं, टेप उचलली, टोकाचं पितळी टोपण काढलं आणि टेप माझ्यापुढे धरली. तिचे पहिले दोन इंच कधीच झिजून, तुटून गेले होते. आईने उरलेल्या टोकाला जुनंच टोपण बसवून टाकलं होतं, आणि सुरुवातीचे आकडे बोटांनी पुसून गेलेले असल्यामुळे पाहणाऱ्याला ती अखंडच वाटे. नवी टेप हाताला ओळखत नाही म्हणून तिने बदलली नाही. प्रत्येक मापातून ती मनातल्या मनात दोन वजा करी, आणि म्हणून इतक्या वर्षांत तिचं एकही पोलकं चुकलं नव्हतं. माझी उंची मोजायला टेप दोनदा लावावी लागली होती. दोन आणि दोन असे चार इंच माझ्या नावावर जादा चढले होते.

"वजा करायला विसरलीस?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. हातातली बाही तिने सरळ केली. "तुझं तोंड बघितलं आणि वजाबाकी झालीच नाही माझ्याच्याने. वाटलं, अजून वाढशील. लहान पोरीचा फ्रॉक शिवताना आत चार बोटं माया सोडतोच की आपण. पोर वाढली की उसवायची. तसंच केलं, बाय."

मी तिला फार वाईट बोलले. तू मला उंच केलं नाहीस, चारचौघांत उघडं पाडलंस, असं म्हणाले. त्यानंतर घरात जो अबोला धरला, तो भात झोडून घरात येईपर्यंत टिकला. आज त्या दिवसांकडे बघताना मला माझ्या रागाची लाज वाटत नाही, कारण तो खरा होता. पण मला एक कळतं. शत्रू आपल्याला आहोत त्याहून लहान मोजतो आणि आई आहोत त्याहून मोठं मोजते. दोन्ही मापं चुकीचीच, तरी दुसऱ्या मापाचा कपडा अंगाला टोचत नाही, फक्त तो घालून बाहेर पडलं की पायात येतो. मी पडले होते ती अशी.

एके दिवशी सकाळी आई जत्रेत नेसायची साडी नेसून ओटीवर उभी होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत टेप. "चल, सुरतला," एवढंच म्हणाली. भाताची पोती अजून ओटीवरच पडली होती, शिवणाचा ढीग होता, आणि ही बाई उंबरगावच्या पलीकडे कधी गेलेली नव्हती. मी अबोला न सोडता तिच्यामागून निघाले.

तिथे पोचल्यावर तिने कुणाला काही विचारलं नाही. सरळ त्या रंगवलेल्या भिंतीपाशी गेली, टेप तिच्या शेजारी लावली आणि दोन आकड्यांमधला फरक बोटाने दाखवला. "बघा बेन," ती म्हणाली, "हिने खोटं नाही लिहिलं. मोजलं मी. टेप तुटकी, आणि मला ते माहीत होतं. काम नका देऊ, चालेल. पण माझ्या पोरीला लबाड म्हणू नका." तिचा आवाज चढला नव्हता. भावनाबेनांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, ते पितळी टोपण बोटांत फिरवून पाहिलं आणि आईला बसायला खुर्ची दिली.

आई बसली, पण तिची नजर समोर साडी नेसवून घेत असलेल्या मुलीवर होती. थोड्या वेळाने तिने तिच्या पद्धतीने विचारलं, "आमच्याकडे नवरी ठेंगणी असली की हार घालायच्या वेळी पाटावर उभी करतात. साडी खाली टेकली की पाट कुणाला दिसतोय? तुमच्याकडे पाट नाही काय?" भावनाबेन चष्मा ओला होईपर्यंत हसल्या. कुणीतरी दिव्यांचं लाकडी खोकं आणलं. मला एक मोरपंखी साडी नेसवली, निऱ्या खोक्यावरून पार जमिनीपर्यंत सोडल्या, आणि मी पहिल्यांदा त्या दिव्यांपुढे उभी राहिले. मी घाबरत विचारलं, हेही खोटंच नाही का? भावनाबेन पदर सारखा करत म्हणाल्या, "फोटामां चाले, फॉर्ममां नहीं."

त्यानंतर अर्जात मी कायम पाच फूटच लिहिलं. सुरतेच्या कितीतरी साड्या गेली आठ वर्षं मी घरच्या सागवानी पाटावर उभी राहून नेसले. तो पाट गाडीतून माझ्याबरोबर येतो, आणि शेजारी बसलेल्या बायका विचारतात, पूजा आहे का कुठे? मोठ्या शहरातल्या रॅम्पच्या निवडीलाही मी चारदा गेले आणि चारही वेळा दारातूनच परतले. चालायचं असतं तिथे पाट नेता येत नाही. त्याचं दुःख आहे, नाही असं नाही. पण मागे एकदा पाड्यावरची एक बाई मोबाईलवर साडी दाखवायला आईकडे आली, माझाच फोटो होता, आणि म्हणाली, "ही बघ, तुझ्या लेकीसारखीच दिसते. पण ही उंच आहे हां." आईने मान डोलावली आणि पोलक्याचं माप घ्यायला घेतलं.

यंदा आईचे परकर पायात यायला लागले. पुढून जमिनीला घासत, मळत. तिचं म्हणणं, कापडच सैल पडलंय. इतकी वर्षं मशीनवर वाकून तिची पाठ कमानीसारखी झालीय, हे तिला सोडून आम्हा सगळ्यांना दिसतं. आता तिला सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून घरातली शिवण मी करते, आणि कात्रीला, टेपला हात लावायची मुभा आता मला आहे. परकराचं माप घेऊन झाल्यावर ती स्वतःच चौकटीला टेकून उभी राहिली. "उंचीपण बघ गं," म्हणाली, जणू सहज.

मी उंबऱ्यापाशी वाकले. ते पितळी टोपण तळाशी टेकवलं आणि टेप तिच्या कण्यावरून वर सरकवत नेली. टेपच्या गार स्पर्शाने ती किंचित शहारली, आणि मला दिसलं की तिने श्वास भरून छाती पुढे काढलीय. टेप एकदाच लागली, पुरून उरली. आकडा होता चार फूट दहा. म्हणजे आई आता चार फूट आठ होती.

"किती?"

"चार फूट दहा," मी म्हणाले. "लग्नात होतीस तेवढीच."

तिच्या हातातून आयुष्यभर फिरलेली टेप होती ती. तिला काय सांगायचं होतं मी?

"वजा केलंस?" तिने विचारलं.

"केलं."

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, आणि मग भिंतीचा आधार न घेता ओटीवरून आत गेली. "बघ," आतून तिचा आवाज आला, "म्हणजे कापडच सैल पडलंय." मी होय म्हटलं आणि परकर दोन इंच दुमडून तुरपाईला घेतला.