तलावाच्या काठावरचे कोरडे बूट

मागच्या पत्रात तू तिकडच्या दुकानाची दोन चित्रं कापून पाठवलीस. एकात छातीपर्यंत येणारी रबरी विजार, दुसऱ्यात तिच्याखाली घालायचे जाड बूट. नदीत उभं राहून मासे धरायचा नाद लागलाय, पैसे बेताचे आहेत, तर यातलं काय घेऊ, असं विचारतोस. खाली तुझ्या बहिणीने लिहिलंय की आजीला यातलं काय कळणार. कळतं, बाळांनो. फार नाही, एका जोडीपुरतं कळतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार पावसाळे झाले असतील. आम्ही मेहकरला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. तुमचे आजोबा मासेमारी खात्यात लहानसे अधिकारी होते. ते भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले. आमच्याकडे मासा कधी शिजला नाही, आणि नोकरी मात्र माशांची. पावसाळ्यात डब्यांतून माशांची पिल्लं यायची, तांदळाच्या दाण्याएवढी. ती डोणगाव, साखरखेर्डा अशा गावांकडच्या तलावांत सोडायची. सोडायची म्हणजे डबा उपडा करायचा नाही. डबा तलावात तरंगत धरून उभं राहायचं, आतलं पाणी बाहेरच्या पाण्याइतकं गार होईपर्यंत. मग थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं आणि पिल्लांना आपल्या आपण बाहेर जाऊ द्यायचं. एकदा त्यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवलं, त्याने घाई केली आणि सगळी पिल्लं पांढरी होऊन वर आली. तेव्हापासून ते स्वतःच उतरत. तासभर मांडीएवढ्या पाण्यात.

त्या वर्षी त्यांच्या डाव्या पायाच्या करंगळीला शिंपला लागला. जखम बरी होईना. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि साखर निघाली. ते आजोबांना काही बोलले नाहीत, मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाय कोरडा राहिला पाहिजे. नाही राहिला तर बोट काढावं लागेल, आणि बोटावरच थांबेल असं मी सांगू शकत नाही."

आणि बाहेर आषाढ सुरू होता. डबे यायला लागले होते.

खात्याला अर्ज करून झाला. उत्तर आलं की अशा वस्तूची तरतूद नाही. मग मी वही काढली. तुमच्या आईला माझ्या वह्यांचं हसू येतं, पण मला कागदावर रकाने आखल्याशिवाय विचार करता येत नाही. कॉलेजात शिकलेल्या इंग्रजीचा त्या घरात फारसा उपयोग होत नव्हता, तेवढा त्या दिवशी झाला. मुंबईच्या एका दुकानाचं इंग्रजी माहितीपत्रक मिळवून मी शब्दन् शब्द वाचलं. कमरेपर्यंतची अखंड विजार, बुटांसकट. सुंदर होती. किंमत वाचून मी तो कागद घडी करून परत पाकिटात घातला.

दुसरा रकाना गमबुटांचा. खामगावला एका दुकानात मिळाले, गुडघ्यापर्यंतचे, काळे. पण पाणी मांडीपर्यंत. गुडघ्यापर्यंतच्या बुटात वरून पाणी शिरलं की ते आतच राहणार, म्हणजे उघड्या पायापेक्षा वाईट. दुकानदाराने तळवाही दाखवला, गुळगुळीत. शेवाळावर हा माणूस डबा धरून उभा कसा राहणार? मी तरीही जोडी घेतली. एक माप मोठं घेतलं, पट्टी बांधलेला पाय जावा म्हणून. परतीच्या एसटीत तो खोका मांडीवर धरून मी विचार करत होते की अर्धी वस्तू तर आणली, उरलेली अर्धी कोण देणार.

ती पंक्चरवाल्याने दिली. स्टँडजवळ त्याचं दुकान होतं. मी बूट समोर ठेवून सगळं सांगितलं. तो बराच वेळ बूट उलटसुलट करत राहिला.

"बाई, तुमाले पतलून पाह्यजे का बूट?"

"दोन्ही," मी म्हटलं. "आणि कमी पैशात."

"हाव, कमी पैशात तं सगळ्याइलेच पाह्यजे." मग त्याने ट्रकची जुनी ट्यूब ओढून काढली. "हे पाहा. ट्यूब कापतो, बुटाच्या तोंडाले सोल्यूशननं चिकटवतो, मांडीवर पट्टा. साहेब पाण्यात गेले तं फुगून वर येतीन, तेवढं सांभाळा."

तळव्याला त्याने जुन्या टायरचे नक्षीवाले तुकडे चिकटवले, घसरू नये म्हणून. मांडीवरचे पट्टे कमरेच्या पट्ट्याला बांधायची सोय केली. दोन्ही बूट हवेने फुगवून, तोंड आवळून त्याने पंक्चर शोधायच्या टपात बुडवले. एकही बुडबुडा आला नाही. घरी मी बुटांत वर्तमानपत्राच्या पट्ट्या घातल्या आणि आजोबांना मागच्या सिमेंटच्या टाकीत अर्धा तास उभं केलं. शेजारच्या बायका भिंतीवरून पाहत होत्या. पट्ट्या कोरड्या निघाल्या. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून ते बूट सायकलला बांधून जाऊ लागले. संध्याकाळी येत, मी गरम पाणी ठेवी, पट्टी सोडी. पट्टी ओली असे.

"अहो, ही ओली कशी?"

"रबर आहे. घाम येऊन राह्यला."

ते खरंही वाटत होतं. मी बुटांत टाल्कम पावडर घालू लागले, आतून मोजे दिले, दोनदा पट्टी बदलायला लावली. पट्टी ओलीच. करंगळी आधी पांढरी होती, मग कडेने काळसर झाली. मी रोज जखम धुवायची, वास येतो का पाहायची, आणि येतोय हे स्वतःला सांगायची नाही. एक गोष्ट मला दिसत होती आणि तिचा अर्थ मी लावत नव्हते. मी रोज बूट पुसायला घ्यायची तर तळव्याच्या नक्षीत चिखल नसे. नुसती धूळ असे. मला वाटायचं, धुऊन आणत असतील. चांगली सवय आहे.

पंधरा दिवस असे गेले. मग मी ठरवलं की बूट कुठूनतरी गळताहेत आणि कुठून ते पाण्यातच कळेल. रविवारी डबे येणार होते. मी म्हटलं, मी पण येते.

"तू कायले? चिखल आहे तिकडं."

"भोक शोधायला."

 साखरखेर्ड्याच्या बाजूच्या एका तलावावर आम्ही बैलगाडीने गेलो. त्यांच्या पायात बूट होते, पट्टे नीट आवळलेले. मला बरं वाटलं. काठावर सात-आठ भोई जाळं सोडवत बसले होते. ते उठले, चपला काढून ठेवल्या, एकेकाने वाकून पाणी ओंजळीत घेतलं, कपाळाला लावलं आणि उतरले. आणि तुमचे आजोबा लिंबाखाली गेले, पट्टे सोडले, बूट काढले, देवळाबाहेर ठेवतात तसे जोडीने नीट लावून ठेवले, पाणी कपाळाला लावलं आणि पट्टी बांधलेल्या पायाने तलावात शिरले.

मी तिथेच दगडावर बसले.  तासभर ते डबा धरून पाण्यात उभे राहिले, आणि मी त्या बुटांशेजारी बसून राहिले.

बाहेर आल्यावर मी एवढंच विचारलं, "का?"

ते धोतराने पाय पुसत होते. "पहिल्या वर्षी आलो तवा हे लोक मले उभं करत नव्हते. सरकारी माणूस, तलाव घेऊन टाकीन म्हणे. मी त्याइच्यासारखा अनवाणी उतरलो, पाणी डोक्याले लावलं, तवा बोलाले लागले. आता त्याच पाण्यात बूट घालून कसा जाऊ? त्याइची लक्ष्मी आहे ते."

"आणि मला घाम सांगितलात."

"तू एवढं फिरून फिरून ते बनवून आणलं. तुले कसं सांगू?"

त्यांच्या या बोलण्यावर मला राग यायला हवा होता. मी उठले आणि सरळ भोयांच्या म्हाताऱ्याकडे गेले. बाई अशी चालून आली म्हणून तो जाळं टाकून उभा राहिला. मी विचारलं, "बाबा, साहेब बूट घालून तलावात उतरले तर तुम्हाला चालेल का?"

त्याने लिंबाकडे पाहिलं. "ते बूट पाण्यासाठी आहेत?"

"मग कशासाठी?"

"आमी तं म्हणू, साहेब बुटाइले ऊन दाखवाले आणते!" मागचे सगळे हसले. "नवे आहेत, खराब कराचे नसतीन, म्हणून काढून ठेवते. रोज लावून ठेवते पाहा कसे, लग्नातल्या जोड्यावाणी."

एव्हाना आजोबा माझ्यामागून आले होते. मी त्यांच्या पट्टीकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने खाली बसून पाय हातात घेतला, पाहिला, आणि त्याचं हसू गेलं.

"साहेब, काऊन नाई सांगितलं? बैलाले नाल ठोकतो ना आपुन? पाणी पाजाले आणतो तवा नाल काढतो काय? तलाव काई म्हणते काय त्याले?" मग त्याने स्वतः लिंबाखालून बूट आणले, दोन्हींवर ओंजळीने पाणी शिंपडलं आणि आजोबांसमोर ठेवले. "घाला. आता तेही भिजले."

बाकीचे दोन डबे त्यांनी बूट घालून सोडले. ट्यूब पाण्यात थोडी फुगली, पंक्चरवाल्याने सांगितली होती तशीच, आणि एका पोऱ्याने त्यांना मागून खांद्याला धरून ठेवलं. त्या संध्याकाळी पट्टी कोरडी होती. तळव्याच्या नक्षीत चिखल होता. मी तो काडीने काढत बराच वेळ बसले.

पण पंधरा दिवस गेले होते. पोळ्याच्या आधी त्यांना बुलढाण्याला न्यावं लागलं. करंगळी काढली. बोटावर थांबलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा पाण्यात काढला असता तर पाय गेला असता. मी मान हलवली. पंधरा दिवस आधी कोरडा राहिला असता तर काय राहिलं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. अखंड विजार परवडली तर घे, जोड कमी तेवढं गळणं कमी. नाही परवडली तर तळव्यावर पैसे खर्च कर, वरचं कसंही शिवून घेता येतं. माप एक नंबर मोठं घे. पाणी गार असतं, मोजे दोन लागतात. आणि कमरेचा पट्टा विसरू नकोस, आत पाणी शिरलं तर माणूस बुडतो. त्या पाण्यावर जी माणसं आधीपासून उभी असतील, त्यांच्याशी पहिल्याच दिवशी बोलून घे.

ते बूट पुढे चार पावसाळे चालले. डाव्या बुटात करंगळीच्या कोपऱ्यात पोकळी राहायची, पाय आत सरकून घासायचा. म्हणून रोज सकाळी मी जुन्या लुगड्याच्या चिंधीची लहानशी घडी करून तिथे बसवायची, आणि संध्याकाळी काढून ती कोरडी आहे का, गालाला लावून पाहायची. चौथ्या वर्षी त्यांची बदली कचेरीत झाली, पाण्यात उतरणं संपलं. तरी आठ-दहा दिवस सकाळी माझे हात चिंधीची घडी घालायचे.