टीव्हीमागचा दिवा

सत्तरच्या दशकाच्या शेवटी सोलापुरात टीव्हीचं केंद्र नव्हतं. पण माझ्या सासऱ्यांच्या हट्टापुढे केंद्र काय नि अंतर काय! पुण्यातल्या त्यांच्या भावानं नवा संच घेतला आणि जुना आमच्या गळ्यात मारला. सासऱ्यांनी गच्चीवर ताडमाड पाईप उभा केला, त्यावर अँटेना चढवली. पुण्याचं चित्र कधीमधी यायचं, बहुतेकदा मुंग्याच यायच्या. त्या मुंग्यांतून एखादं नाक, एखादा डोळा दिसावा म्हणून संध्याकाळी बाहेरच्या खोलीतली ट्यूब बंद, खिडकीवर चादर आणि सगळे गुपचूप बसलेले.

मी सांगोल्याहून या घरात सून म्हणून आले, त्याला तेव्हा वर्षच झालं होतं. त्या खोलीतली आधीची संध्याकाळ मला फार आवडायची. समोरच्या तेलुगू विणकराघरच्या अक्का मांडीवर सूप घेऊन आमच्या ट्यूबखाली विड्या वळायला बसायच्या. त्यांच्या घरी वीज नव्हती. शेजारी सासूबाई भाजी निवडायच्या आणि दोघी मिळून अख्ख्या गल्लीची उणीदुणी काढायच्या.

टीव्ही आला आणि अक्का यायच्या थांबल्या. स्वयंपाकघरात बसा म्हटलं, तर स्टोव्हच्या धगीनं विडीची पानं वाळून तडकायची. घरी कंदिलापाशी वळलेल्या विड्या वेड्यावाकड्या म्हणून कारखान्यातून परत येऊ लागल्या. सासूबाई कासावीस झाल्या. मी म्हटलं, "आत्या, मामंजींना सांगा की सरळ."

"काय सांगू? नव्या नवरीगत टीव्हीचं कौतुक चाललंय त्यांचं. आत्ता कुटं कान उघडे हायत?"

मग दोन-चार दिवस सासूबाई टीव्हीपुढं बसल्या, पण बघत होत्या खोलीकडे. एका दुपारी त्यांनी मला स्टूल धरायला लावलं. डालड्याचा डबा कापून त्याची झापड केली, आत बल्ब बसवला आणि भिंतीकडे तोंड करून तो टीव्हीच्या पाठीमागे टांगला. भिंतीला सासऱ्यांच्या आवडीचा गडद हिरवा ऑइलपेंट होता. तो सगळा उजेड गिळून बसला. सासूबाईंनी पदर खोचला, वृंदावनाला लावून उरलेला चुना कालवला आणि टीव्हीमागची भिंत फटाफट पांढरी करून टाकली. काय बाई होती ती! मी तिथंच मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला.

संध्याकाळी सासरे दारातच थबकले. "हे काय सारवून ठिवलंय?"

"अवं, आदी चित्र तर बघा. मग बोला."

ट्यूब मालवली. बल्ब कुठूनच दिसत नव्हता, नुसती भिंत दुधासारखी उजळली होती. तो उजेड पडद्यावर येत नव्हता, चित्र फिकं पडलं नाही, उलट जास्त उठून दिसलं. रोज मिट्ट अंधारात अर्ध्या तासात डोळे चोळायला लागणारे सासरे त्या दिवशी शेवटपर्यंत डोळे न चोळता बसले. उठताना म्हणाले, "आज चित्र लई बरं दिसलं. हवा चांगली असंल."

सासूबाई माझ्याकडे बघून हसल्या. श्रेय हवेला गेलं तरी त्यांची हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी अक्का आल्या. भिंतीचा उजेड सुपात पडेल अशा बेतानं टीव्हीच्या बाजूला बसल्या आणि त्यांचा हात पूर्वीसारखा भराभर चालू लागला. विड्या परत येणं थांबलं.

एकदा पुणं अजिबातच लागेना. नुसत्या मुंग्या. सासऱ्यांनी वैतागून टीव्ही बंद केला. अक्का लगेच पानं गोळा करू लागल्या.

"चाल्ली का अक्का?" सासूबाईंनी विचारलं.

"आज चित्र न्हाय की, वैनी. उगी तुमचा दिवा कशाला जाळायचा?"

सासऱ्यांचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला होता. तो त्यांनी मागे घेतला.

"बसा की, अक्का. त्यो दिवा टीव्हीचा कदी होता? तुमचाच हाय त्यो. मला काय कळत न्हाय व्हय?"

आणि ते खुर्ची ओढून बंद टीव्हीपुढं बसले. अक्कांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. सासूबाईंनी मान वर केली नाही. निवडून झालेली मेथी त्या पुन्हा निवडत बसल्या होत्या.