दत्ताच्या घरचं जास्तीचं ताट

दत्ता परब गेल्याचा मंगलवहिनींचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरच्या घरी गॅसवर दूध ठेवून उभी होते. "ताई, हे सकाळी उठलेच नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या. दूध उतू गेलं. तासाभराने त्यांनी श्रद्धांजलीच्या फलकावर लावायला दत्ताचा फोटो मागितला, म्हणून मी मेल उघडली आणि फोटो शोधताना एक पत्र दिसलं. ते येऊन नऊ दिवस झाले होते. भाचीच्या लग्नाच्या गडबडीत मी मेल बघितलीच नव्हती. त्या पत्राची दत्ता तीन वर्षं वाट बघत होता... मी फोटो पाठवला आणि पत्राबद्दल कोणाला काही बोलले नाही. आता दोन महिने होत आले, पण त्या नऊ दिवसांची लाज काही जात नाही.

जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत आम्ही सव्वीस वर्षं शेजारी बसलो. तो मला 'कांबळे' म्हणायचा, मी त्याला 'दत्ता', आणि राग आला की 'परबसाहेब'. दाखल्यात नाव चुकलं म्हणून लोक रडकुंडीला येत. दत्ता शांतपणे सांगायचा, "मावशी, तुम्ही दिलेल्या कागदावर जे होतं तेच आम्ही लिहिलं. आता रजिस्टरात आहे तेच खरं." त्याचा हा थंडपणा मला आवडायचा नाही, पण करत मीही तेच होते. त्याचे डोळे चांगले घारे होते. ते बघून लोक त्याला चित्पावन समजायचे आणि परब हे आडनाव ऐकून गोंधळायचे. खरी गोष्ट फार थोड्यांना माहीत होती. त्याची आई पोलंडची. महायुद्धात घरादाराला मुकलेली तिथली माणसं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली होती, त्यांतली ती. दत्ताचे वडील छावणीला लाकूडफाटा पुरवणाऱ्या ठेकेदाराचा ट्रक चालवत. छावणी उठली, बाकीचे निघून गेले, ही एकटी राहिली. तिच्या कागदांवर नाव होतं हेलेना. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवं नाव लिहिलं, सुमन. पुढे वडील मिलमध्ये लागले, बिऱ्हाड भांडुपला आलं, आणि ही बाई शेजारणींशी अस्सल मालवणीत भांडायला शिकली. दत्ता बारा वर्षांचा असताना ती गेली.

तिची एक सवय मात्र कोणाला कळली नव्हती. नाताळाच्या आदल्या संध्याकाळी, पहिली चांदणी दिसली की ती घरात एक ताट जास्त मांडायची. ताटाखाली मूठभर सुकं गवत. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणायची, "येतली ती. जागा ठेव." "मग दार उघडायची," दत्ता सांगायचा, "आणि बाहेर बघून हळूच हाक मारायची, हेलेना... स्वतःलाच, कांबळे! मी भीतीने बाबांना बिलगायचो." मी विचारलं, "आणि बाबा काय करायचे?" "जेवायचे." सकाळी ताटाखालचं गवत दबलेलं असायचं, हे तो शपथेवर सांगायचा. ताटाला वजन असतं रे बाबा, म्हणून मी त्याची टिंगल करायचे. पण आई गेल्यावर वडिलांनी, आणि नंतर दत्ताने, ते ताट मांडणं सोडलं नाही. दर वर्षी तो आरे कॉलनीतल्या एका गोठ्यावरून गवत आणायचा आणि बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसायचा.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्याने आईचं माहेर शोधायचं मनावर घेतलं. इंग्रजी पत्रं मी लिहायची, मेल माझी, कारण हा पासवर्ड विसरायचा. परदेशी दफ्तरखाने, जुनी चर्च, कुठे कुठे लिहिलं. वर्षभर नुसत्या पोचा आल्या. मग एके दुपारी त्याच्याच हॉलमध्ये बसून आम्ही एक यादी उघडली. पोलंडची ही माणसं हिंदुस्थानात येताना वाटेत तेहरानला थांबली होती, तिथल्या कबरींची यादी. तीत हेलेना होती. आडनाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, जन्मसालही तेच. दत्ताने बोटांवर वर्षं मोजली. "कांबळे, माझी आई मी जन्मायच्या आठ वर्षं आधी मेलीय."

"चूक असेल रे," मी म्हटलं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "रजिस्टरात आहे तेच खरं, ना?"

त्या नोंदीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, सोबत धाकटी बहीण. नाव नव्हतं. आम्ही दोघं मुरलेले कारकून, आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. कुठल्या तरी खिडकीसमोर एक पोर उभी राहिली असणार, अंगात ताप, हातात मेलेल्या बहिणीचा एकुलता एक कागद. आतल्याने कागद बघितला, नाव उतरवलं, पुढचा कोण म्हणून हाक मारली. "आपल्यासारखाच कोणीतरी असणार," दत्ता म्हणाला आणि लहान पोरासारखा रडला. "जन्मभर बहिणीच्या नावाला ओ दिली तिने. ती स्वतःला हाक मारत नव्हती, कांबळे... तिला बोलवत होती." डोळे पुसून पुढे म्हणाला, "मला तिचं खरं नाव हवंय. एकदा त्या नावाने हाक मारायचीय. मग माझी वाट लागली तरी चालेल."

नऊ दिवस माझ्या मेलमध्ये पडून राहिलेलं ते पत्र म्हणजे दत्ताच्या आईच्या गावच्या चर्चमधल्या नोंदवहीचं एक पान होतं. त्यात दोघी बहिणी होत्या, एकीखाली एक.

या नाताळाच्या आदल्या दिवशी मी आरेला गेले, गवत घेतलं आणि दिवेलागणीला भांडुपला पोचले. वहिनींना सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. त्या चिडल्या नाहीत. "शेवटचे आठ दिवस रोज विचारत होते," त्या म्हणाल्या, "कांबळेचा फोन आला का." मी नाव तेवढं त्यांना सांगितलं. त्यांनी दाराची कडी काढली आणि म्हणाल्या, "तुम्हीच हाक मारा. हे ते नाव तुमच्याकडूनच ऐकणार होते."

आम्ही बौद्ध, गेलेल्यांसाठी आम्ही पान मांडत नाही. तरी मी दारात उभी राहिले. समोरच्यांचा टीव्ही चालू होता, जिन्यात कोणी नव्हतं. मी हाक मारली, "झोफिया..." त्या नावाने तिला कोणी हाक मारून ऐंशी वर्षं उलटून गेली असतील. आवाज जिन्यात उतरत गेला, आणि कधी थांबला ते मला कळलं नाही.

मागे वळले तर वहिनी गवताची मूठ दोन भागांत करत होत्या. थोरल्या बहिणीच्या, हेलेनाच्या ताटाशेजारी त्यांनी आणखी एक ताट ठेवलं. "सासूबाई एवढी वर्षं वाढायच्याच," त्या म्हणाल्या, "आज बसतील." दत्ताचं ताट त्याच्या रोजच्या जागी होतं, पाण्याचा तांब्या डावीकडे, त्याला लागायचा तसा. आम्हा दोघींची धरून पाच ताटं, आणि खोली केवढीशी. मी असलं काही मानत नाही. पण बसताना मी माझं ताट जरा भिंतीकडे सरकवून घेतलं.