कान्ह्याच्या लॉन्ड्रीतली ट्यूब

मंगळवार, सकाळी साडेनऊ. लोणावळ्यातला सरकारी दवाखाना, खोली नंबर चारबाहेरचं बाकडं.

एकोणतीस वर्षं बातमीदारी केल्यावर किस्से शोधावे लागत नाहीत, तेच अंगावर येतात. बेकायदा बंगल्यांचे आले, धबधब्यावरच्या अपघातांचे आले. पण बुरशीचे इतके साठतील असं कोणी म्हटलं असतं तर मी हसलो असतो. आता हसत नाही.

पहिला माझाच.

दम्याचा पंप सुरू झाला आणि दोन-तीन महिन्यांत जिभेवर, गालाच्या आत पांढरे थर आले. दही चिकटल्यासारखे. इतकी वर्षं तंबाखू चघळलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? आठ दिवस मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून आरशासमोर उभा राहायचो. बायकोला बोललो नाही. विम्याचे कागद मात्र एका फाइलीत लावून ठेवले.

डॉक्टरीणबाईंनी थर खरवडून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "पंप ओढल्यावर चूळ भरता?"

"नाही."

"भरत जा. औषध तोंडात राहतं, त्यावर बुरशी माजते. ती सगळ्यांच्याच तोंडात थोडी असते, तुम्ही तिला रान मोकळं करून दिलंत. औषध देते, जाईल."

माझा जीव भांड्यात पडला. फाइलीचं सांगितलं, तर म्हणाल्या, "ती टाकू नका. तंबाखू सोडला नाहीत तर लागेल!"

*

त्याच बाकड्यावर एक बाई होती. चेहरा ओढणीनं बांधलेला. गर्दी असूनही तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी.

संगीता. लोणावळ्याजवळच्या कान्हे गावातल्या लॉन्ड्रीत कामाला. खंडाळा-लोणावळ्याच्या बंगल्यांच्या चादरी, टॉवेल तिथं धुतले जातात. कमरेवर एक गोल चट्टा उठला होता, तो पोटावर, मानेवर आणि आता गालावर आला होता.

"सासूनं माजं ताट येगळं केलंय, भाऊ," ती म्हणाली. "महारोग म्हनत्यात. कामावर कळलं तर गेटातूनच माघारी लावतील. घर माज्या पगारावर चाललंय."

डॉक्टरीणबाईंनी तिला डोळे मिटायला लावले आणि कापसानं चट्ट्याला हळूच स्पर्श केला. "कळतंय?"

"व्हय, लागतंय की."

मग खरवडून पाहिलं. "नायटा आहे. बुरशी. महारोग नाही, त्यात स्पर्श कळत नाही."

संगीतानं डोळे उघडलेच नाहीत. तशीच रडत राहिली. मग हळूच विचारलं, "हे सासूला कागदावर लिहून द्याल का?"

*

"याला काय लावत होतीस?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

संगीतानं पर्समधून ट्यूब काढली. लॉन्ड्रीच्या फर्स्ट-एड पेटीतली. सुपरवायझर ज्याला खाज सुटेल त्याला हीच द्यायचा. एक ट्यूब, चौदा बायका!

डॉक्टरीणबाईंनी तिच्यावरची औषधांची नावं वाचली आणि ट्यूब टेबलावर आपटली. "यात स्टेरॉइड आहे. खाज दोन दिवसांत थांबते, लाली जाते, माणूस खूश. बुरशी आत पसरत राहते. थांबवलं की दुप्पट उसळते. वर कातडी पातळ होते ती वेगळीच."

संगीतानं हे लताला सांगितलं. लता तिच्या शेजारच्या मशीनवरची. ती म्हणाली, "माजा नायटा ऱ्हाऊ दे, गं! रंग बघ कसा उजळलाय!" ती चार महिने तीच ट्यूब रोज तोंडाला लावत होती.

मी लताला नंतर पाहिलं आहे. गालावर लाल शिरांचं जाळं दिसतं. उन्हात गेली की चेहरा भाजल्यासारखा होतो. आरशात बघणं तिनं बंद केलंय.

*

मी औषधाच्या दुकानात गेलो. ट्यूबचं नाव सांगितलं. चिठ्ठी न मागता दुकानदारानं ती काउंटरवर ठेवली. "दोन देऊ?"

त्याच्या मानेवर कॉलरखाली गोल चट्टा दिसत होता.

"तुम्ही पण हीच लावता?"

"छे!" तो म्हणाला. "मी डॉक्टरकडे जातो."

*

मग कान्ह्याला गेलो. आत वाफ, पायाखाली पाणी. बायकांच्या पायांत गमबूट. दिवसपाळीच्या बायका काढतात, रात्रपाळीच्या घालतात. बूट वाळायला वेळच नाही. मी एका बुटात हात घातला. अस्तर ओलं, गरम, बुळबुळीत. माझा हात मी दिवसभर धूत होतो.

सुपरवायझरला म्हटलं, "प्रत्येकीला स्वतंत्र बूट का नाहीत?"

तो दुखावला. "साहेब, हायजीन एक नंबर आहे आपल्याकडे! एका गेस्टची चादर न धुता दुसऱ्याला जात नाही."

"आणि बूट?"

"ते गेस्ट कुठं घालतात?"

*

यमुनामावशी लॉन्ड्रीतल्या सगळ्यांत जुन्या. सहा महिने त्यांना खालून दह्यासारखं पांढरं जात होतं, खाज इतकी की झोप नाही. कुणाला बोलल्या नाहीत. कसलं पाप फेडतेय म्हणून उपास धरले. संगीतानं त्यांना ओढून दवाखान्यात नेलं.

बुरशीच होती. पण डॉक्टरीणबाईंनी साखर तपासली, तीही भलतीच वाढलेली. साखर वाढली की बुरशीचं फावतं, हे मावशींना तिथं कळलं.

डॉक्टरला सांगायला सहा महिने लागले, लॉन्ड्रीला सांगायला सहा मिनिटं! मावशी मशीनच्या आवाजावर ओरडून म्हणाल्या, "पोरींनो, लाज कुटं ठेवायची ती ठेवा, पन दाखवा! मी लय भोगलंय!"

पुढच्या मंगळवारी बाकड्यावर कान्ह्याच्या पाच जणी होत्या.

*

मी बातमी केली. बूट, ट्यूब, सगळं. संगीताचं नाव लिहिलं नाही. गावाचं लिहिलं. कान्ह्यात लॉन्ड्री एकच, हे छापून आल्यावर माझ्या ध्यानात आलं.

सुपरवायझरनं गालावरच्या चट्ट्यावरून संगीताला ओळखलं. म्हणाला, "बरी होऊन ये, जागा ठेवतो." तिनं गोळ्या नेमानं घेतल्या, चट्टे दिसेनासे झाल्यावरही डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तितके आठवडे मलम लावलं. कपडे वेगळे, उन्हात वाळवलेले. घरच्यांचेही उपचार केले. सासूनं ताट परत एकत्र घेतलं. मग बरी झाल्याचा दाखला घेऊन ती गेटवर गेली.

तिथं तिला तिचाच राजीनामा दाखवला. स्वखुशीनं काम सोडत आहे, वगैरे. खाली अंगठा.

संगीता नववी शिकलेली आहे. हजेरीवर रोज सही करायची. आणि सोड्याच्या पाण्यानं बोटं इतकी झिजलीत की रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही. धान्याला नवरा जातो.

राजीनाम्यावरचा अंगठा मी पाहिला. स्वच्छ. एकेक रेघ मोजता येते. तो कोणाचा, असं मालकांना लेखी विचारलंय.

पोच मिळाली आहे.