मशीनला वाहिलेला झेंडू

आज दसऱ्याचे झेंडू ओवताना हाताला वास लागला आणि बंगल्यावरचं गवत कापायचं मशीन आठवलं. माझे यजमान तिथे माळी होते.

एका वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. दोरी ओढून ओढून ह्यांचे दंड भरून आले.

"मालक बोटीनं रेवसच्या धक्क्याला उतरलं असतील, नि गवत तसंच. आज नोकरी जाते बघ."

तेव्हा मला आठवलं. भीत भीत पुढे झाले आणि मशीनच्या हवेच्या भोकातून झेंडू उपसून काढला. आदल्या दिवशी पूजेत मीच तो घट्ट खोचला होता.

पुढच्या ओढीला मशीन धडधडलं.

"नाकच बुजवलंस की गो त्याचं," हे हसत म्हणाले.

मालकांनी पुढे टाकून दिलेलं ते मशीन आता गंजून आमच्या पडवीत पडलंय. दर दसऱ्याला मी फूल त्याच्या दांड्यावर ठेवते, तरी हे खाटेवरून विचारतातच, "नाक मोकळं हाय ना गो?"